किशोरवयीनांचे आव्हानात्मक वर्तन आणि त्यामागच्या अपूर्ण गरजा

१. प्रस्तावना

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. नववीचा वर्ग आहे, इंग्रजीचा तास चालू आहे. शिक्षिका एका मुलाला उभे राहून धडा वाचायला सांगतात. तो उठत नाही. पुन्हा सांगितल्यावर तो शेजाऱ्याकडे बघून टोमणा मारतो आणि वर्ग हसतो. शिक्षिकांचा आवाज चढतो. मुलगा पुस्तक बाकावर आपटून म्हणतो, "नाही वाचणार. काय करायचं ते करा." त्याला वर्गाबाहेर उभे केले जाते आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो: 'उद्धट, शिस्त नाही'.

शेरा खोटा नाही. मुलगा उद्धटपणे वागला हे खरेच आहे. पण हा शेरा लिहिला की 'तो वाचायला का उठला नाही?' हा प्रश्न तिथेच बंद होतो. समजा, या मुलाला अक्षरे जुळवून वाचायला फार वेळ लागतो. दोन वर्षांपूर्वी तो असाच वाचताना अडखळला होता आणि सगळा वर्ग हसला होता. आता हाच प्रसंग त्याच्या बाजूने पाहा. वाचले तर तो 'ढ' ठरणार, पुस्तक आपटले तर 'उद्धट' ठरणार. या वयात 'ढ'पेक्षा 'उद्धट' ठरणे कितीतरी सोसवते. वर्गाबाहेर उभे राहणे ही शिक्षिकांच्या दृष्टीने शिक्षा असली, तरी त्याच्या दृष्टीने ती सुटका आहे. म्हणजे या शिक्षेतून तो एकच गोष्ट शिकला: पुस्तक आपटले की वाचावे लागत नाही.

या घटकात आपण अशा वर्तनामागच्या अपूर्ण गरजा कशा ओळखायच्या आणि ओळखल्यावर काय करायचे, हे पाहणार आहोत.

उद्दिष्टे: हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• गरज आणि मागणी यांतील फरक सांगता येईल;
• किशोरवयातील प्रमुख गरजा उदाहरणांसह स्पष्ट करता येतील;
• वर्तनाची नोंद करून त्यामागच्या गरजेविषयी अंदाज बांधता येईल आणि तो तपासता येईल;
• 'समजून घेणे' आणि 'सोडून देणे' यांतला फरक स्पष्ट करता येईल.

२. काही मूलभूत संकल्पना

किशोरावस्था: जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयोगटाला किशोरवयीन मानते. युनिसेफच्या माहितीनुसार भारतात या वयोगटातील सुमारे २५ कोटी व्यक्ती आहेत. तुमच्यापैकी जे पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला आहेत, त्यांच्यातले बरेच जण अजून याच व्याख्येत बसतात. म्हणून हा विषय 'त्या मुलांचा' नाही. तो कालपर्यंतचा तुमचा अनुभव आहे आणि उद्या शिक्षक, समुपदेशक, पालक किंवा घरातले थोरले भावंड म्हणून पुन्हा तुमच्यापुढे येणार आहे.

आव्हानात्मक वर्तन: स्वतःला किंवा इतरांना त्रास होईल, शिकण्यात अडथळा येईल किंवा नाती ताणली जातील असे वारंवार घडणारे वर्तन. उलट उत्तरे देणे, खोटे बोलणे, मारामारी, वर्ग बुडवणे, रात्र-रात्र मोबाइलवर असणे, वस्तूंची मोडतोड ही त्याची ठळक रूपे आहेत. घरात कुणाशीच न बोलणे, दार लावून बसणे, 'मला काही फरक पडत नाही' असे सतत म्हणणे हेदेखील याच प्रकारात येते. मात्र त्याचा कुणाला उपद्रव होत नाही, त्यामुळे ते लक्षात यायला फार उशीर होतो.

गरज आणि मागणी: मागणी म्हणजे मूल तोंडाने जे मागते ते, गरज म्हणजे त्या मागणीच्या मुळाशी असते ती. 'मला नवा मोबाइल हवा' ही मागणी आहे. 'सगळे ज्या गटात आहेत त्या गटातून मी बाहेर पडू नये' ही गरज आहे. मागणी नाकारता येते, पुढे ढकलता येते, तिच्यावर तडजोडही करता येते. गरज नाकारली, तर ती दुसऱ्या वाटेने बाहेर पडते.

३. किशोरवयातील प्रमुख गरजा

३.१ शारीरिक गरजा

अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात मानवी गरजांची उतरंड शारीरिक गरजांपासून सुरू होते. वर्तनाचा विचार करताना आपण हीच पायरी सर्वांत आधी विसरतो. झोपेचेच घ्या. वयात येताना शरीराचे जैविक घड्याळ पुढे सरकते आणि रात्री झोप उशिरा येऊ लागते. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तासांच्या झोपेची शिफारस केली. आता सकाळी सातची शाळा, त्याआधी शिकवणी आणि रात्री अकरापर्यंत गृहपाठ, असा दिनक्रम मांडून पाहा. पहिल्या तासाला डोके खाली घालून बसलेला मुलगा आळशी असेलही, पण आधी त्याच्या झोपेचा हिशेब करायला हवा. सकाळी उपाशीपोटी शाळेत येणे किंवा शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह नसल्याने मासिक पाळीच्या दिवसांत गैरहजर राहणे, यांचीही नोंद अनेकदा 'बेशिस्त' म्हणूनच होते.

३.२ सुरक्षिततेची गरज

ज्या घरात रोज भांडण किंवा मारहाण होते, तिथले मूल सतत सावध असते. अशा मुलाच्या खांद्यावर मागून कुणी सहज हात ठेवला, तरी ते अंगावर धावून जाऊ शकते. आपल्याला ते विनाकारण वाटते. त्याच्या अनुभवात मात्र मागून आलेला हात मारण्यासाठीच आलेला असतो.

३.३ तीन मानसिक गरजा

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्व-निर्धारण सिद्धान्तानुसार माणसाच्या मूलभूत मानसिक गरजा तीन आहेत.

अ) स्वायत्तता: आपल्या आयुष्यातल्या काही गोष्टी आपण ठरवतो, ही भावना. कपडे, विषयाची शाखा, मित्र, वेळ यांतले सगळेच दुसरे कुणी ठरवत असेल, तर मूल एखादी गोष्ट केवळ 'मी ठरवली' म्हणून करते, मग ती स्वतःच्या तोट्याची असली तरी.

आ) सक्षमता: 'मला हे जमते' हा अनुभव. अभ्यासात तो मिळाला नाही, तर मूल तो इतरत्र शोधते. खेळाच्या मैदानावर मिळाला तर उत्तम, नाहीतर वर्गाला हसवण्यात किंवा दहशत बसवण्यात.

इ) आपलेपणा: आपण कुणाचे तरी आहोत, कुणाला तरी हवे आहोत, ही भावना. या वयात आपलेपणाचा ओढा घराकडून समवयस्कांकडे वळतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा, धोका पत्करायला लावणारा खेळ दिला. काही जण एकटे खेळले, काही समवयस्कांच्या समोर. १३ ते १६ वयोगटातल्या मुलांनी समवयस्क पाहत असताना एकट्यापेक्षा खूपच जास्त धोका पत्करला. १८ ते २२ वयोगटात हा परिणाम कमी होता आणि २४ वर्षांवरील प्रौढांमध्ये जवळजवळ नव्हता. 'एकटा असताना किती शहाणा असतो, मित्र भेटले की बिघडतो' हे पालकांचे निरीक्षण खोटे नाही. फक्त त्याचे कारण मित्रांच्या वाईटपणात असेलच असे नाही. मित्रांसमोर उणे न पडण्याच्या गरजेतही ते असू शकते.

३.४ ओळखीची गरज

एरिक एरिक्सन यांनी किशोरावस्थेचे मुख्य कार्य म्हणजे स्वतःची ओळख घडवणे, असे मांडले. 'मी कोण?' या प्रश्नाचे चांगले उत्तर मिळत नसेल, तर मूल वाईट उत्तरही स्वीकारते. चांगल्या मुलांच्या यादीत जागा नसेल, तर वाईटांच्या यादीत पहिला क्रमांक ही एक ओळखच असते. म्हणूनच 'तू खोटं बोललास' आणि 'तू खोटारडा आहेस' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्यात एका कृतीविषयी बोलणे आहे, दुसऱ्यात मुलाला ओळख बहाल केली आहे.

४. एकच वर्तन, वेगवेगळ्या गरजा

इथे विद्यार्थ्यांकडून एक चूक हमखास होते. गरजांची यादी पाठ झाली की प्रत्येक वर्तनाला एक गरज चिकटवली जाते: मारामारी म्हणजे असुरक्षितता, मोबाइल म्हणजे आपलेपणा. वर्तन आणि गरज यांची अशी ठरलेली जोडी नसते. रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहणाऱ्या तिघांचा विचार करा.

पहिली मुलगी वडिलांच्या बदलीमुळे नव्या शहरात आली आहे. नव्या शाळेत तिच्याशी कुणी बोलत नाही. जुन्या मैत्रिणींचा गट रात्री जेवणानंतर गप्पा मारतो. मोबाइल बंद करणे म्हणजे तिच्यासाठी एकटे पडणे.

दुसऱ्या मुलाच्या घरी रात्री आईवडिलांची भांडणे होतात. कानात इअरफोन आणि डोळ्यांसमोर चित्रफीत असली की ती ऐकू येत नाहीत. त्याला हवी आहे सुरक्षितता.

तिसरा मुलगा सकाळी शिकवणी, मग कॉलेज, मग प्रवेशपरीक्षेचा वर्ग आणि घरी आल्यावर गृहपाठ करतो. रात्री अकरानंतरचे दोन तास एवढाच त्याचा स्वतःचा वेळ. त्याला हवी आहे स्वायत्तता.

तिघांचाही मोबाइल काढून घेतला, तर वर्तन तिघांचेही थांबेल. पण पहिली अधिक एकटी पडेल, दुसऱ्याला भांडणे ऐकावी लागतील आणि तिसरा आपले ऐकले जात नाही याची खूणगाठ बांधेल. उपाय एकच असला, तरी चुका तीन झाल्या.

५. गरज ओळखायची कशी?

मुलाला थेट 'असं का वागलास?' असे विचारले, तर बहुतेक वेळा 'माहीत नाही' हेच उत्तर मिळते. ते उडवाउडवीचे असेलच असे नाही. अनेकदा त्यालाही खरोखर माहीत नसते. म्हणून वर्तनाच्या आगेमागे काय घडते ते पाहावे लागते. यासाठी तीन रकान्यांची नोंद वापरतात: पूर्वघटना (आधी काय घडले), वर्तन (नेमके काय केले) आणि परिणाम (त्यानंतर काय घडले).

सुरुवातीच्या मुलाची एका आठवड्याची नोंद अशी असू शकते:

• सोमवार, इंग्रजी. पूर्वघटना: मोठ्याने वाचायला सांगितले. वर्तन: टोमणा मारला, पुस्तक आपटले. परिणाम: वर्गाबाहेर पाठवले.
• बुधवार, इतिहास. पूर्वघटना: स्वतःचे उत्तर वर्गात वाचून दाखवायला सांगितले. वर्तन: शेजाऱ्याशी भांडण. परिणाम: वाचायची पाळी पुढच्या मुलाला दिली.
• गुरुवार, विज्ञान. पूर्वघटना: प्रयोगाचे साहित्य गटात मांडायला सांगितले. वर्तन: काम वेळेआधी पूर्ण केले, दुसऱ्या गटालाही मदत केली. परिणाम: शिक्षकांनी 'छान' म्हटले.
• शुक्रवार, इंग्रजी. पूर्वघटना: वाचनाचा तास. वर्तन: पोट दुखते म्हणून सांगितले. परिणाम: घरी पाठवले.

'उद्धट' हा शेरा गुरुवारच्या नोंदीचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. मुलगा मुळातच उद्धट असता, तर प्रयोगशाळेतही तसाच वागला असता. गडबड होते ती सर्वांसमोर वाचायची वेळ आली की, आणि प्रत्येक वेळी गडबडीनंतर वाचन टळते. आता अंदाज बांधता येतो: हे वर्तन अपमानापासून सुटका मिळवून देते आणि इथे सक्षमतेची गरज अपुरी राहिली आहे.

हा अजून अंदाजच आहे, हे विसरू नका. तो तपासायला हवा. शिक्षिका त्याला उद्याचा परिच्छेद आज देऊ शकतात, काही दिवस वाचन एकट्यात घेऊ शकतात. मग गडबड कमी झाली, तर अंदाज बरोबर. झाली नाही, तर दुसरी गरज शोधायची. कमी झाली, तरी वाचनाची अडचण अध्ययन अक्षमतेमुळे आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावे लागेल.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ मध्ये विकासात्मक अक्षमता असलेल्या चार मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काही वेळा काम कठीण असले की, तर काही वेळा मोठ्यांचे लक्ष कमी झाले की या मुलांचे त्रासदायक वर्तन वाढत असे. संशोधकांनी मुलांना शब्द शिकवले: काम जड वाटले तर मदत मागण्याचे, लक्ष हवे असेल तर 'माझे काम बरोबर आहे का?' असे विचारण्याचे. योग्य शब्द मिळाल्यावर त्रासदायक वर्तन बरेच कमी झाले. गरजेशी न जुळणारे शब्द शिकवले, तेव्हा मात्र फरक पडला नाही. गरज नेमकी ओळखणे का महत्त्वाचे आहे, ते यावरून कळते.

६. प्रतिसाद: वर्तन नाकारा, गरज नाकारू नका

इथे तुमच्या मनात शंका येईल: मग काय पुस्तक आपटू द्यायचे? सगळ्याला 'त्याची गरज आहे' म्हणून सोडून द्यायचे? तसे नाही. गरज हे वर्तनाचे कारण असते, वर्तनाची परवानगी नव्हे. एखाद्या मुलाने दुसऱ्याला मारले असेल, तर मारणाऱ्याची गरज समजून घ्यायची आहे आणि मार खाणाऱ्याची सुरक्षितताही जपायची आहे. दोन्ही एकाच वेळी करायचे आहे.

डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या शैलींचा अभ्यास केला. त्यात मुलांच्या दृष्टीने सर्वांत हितकारक ठरली ती माया आणि शिस्त दोन्ही असलेली शैली. नुसता धाक आणि नुसते लाड या दोन्ही शैली तिच्या मागे पडल्या. व्यवहारात या प्रतिसादाचे तीन भाग करता येतात.

पहिला भाग, मर्यादा: "पुस्तक आपटायचं नाही. हे चालणार नाही." आवाज शांत, वाक्य छोटे, आणि शक्यतो सर्वांसमोर वाद न वाढवता.

दुसरा भाग, दखल: नंतर, एकट्यात. "वाचायची पाळी आली की तुला त्रास होतो, असं मला वाटतं. बरोबर आहे का?" इथे प्रश्नचिन्ह महत्त्वाचे आहे. आपला अंदाज त्याच्यावर लादायचा नाही.

तिसरा भाग, पर्याय: "पुढच्या वेळी वाचायचं नसेल तर पुस्तक बंद करून ठेव, मी समजून घेईन. पण आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीत माझ्याकडे वाचायला यायचं." गरज तीच, वाट वेगळी. हा तिसरा भाग नसेल, तर पहिले दोन फार काळ टिकत नाहीत.

शिक्षकांच्या दृष्टिकोनाने किती फरक पडतो? जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील पाच माध्यमिक शाळांमध्ये केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या काही शिक्षकांना विद्यार्थ्यांची बाजू समजून घेण्याविषयी छोटे ऑनलाइन सत्र दिले गेले. इतर शिक्षकांना वेगळ्याच विषयाचे सत्र मिळाले. वर्षअखेरीस पहिल्या गटातील शिक्षकांच्या विद्यार्थ्यांमध्ये शाळेतून निलंबित होण्याचे प्रमाण ४.८ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ९.६ टक्के. पाच शाळांवरून जगाचा नियम बांधता येत नाही. तरी मुले तीच असताना त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली की निष्पत्ती बदलू शकते, एवढे यावरून दिसते.

७. भारतातील एक प्रयोग: 'सेहर'

हे सारे आपल्या गर्दीच्या वर्गांत शक्य आहे का? गोव्यातील 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील शासकीय माध्यमिक शाळांमध्ये 'सेहर' हा कार्यक्रम राबवला आणि नववीच्या विद्यार्थ्यांवर त्याचा परिणाम तपासला. निष्कर्ष २०१८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शाळांचे तीन गट होते: एका गटात प्रशिक्षण दिलेले, पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेले समुपदेशक, दुसऱ्यात हेच काम करणारे शाळेतलेच शिक्षक, तिसऱ्यात फक्त नेहमीचा जीवनकौशल्य कार्यक्रम. सेहरमध्ये परिपाठाच्या वेळची चर्चा, भित्तिपत्रक, मुलांना मनातले लिहून टाकता येईल अशी पेटी, विद्यार्थ्यांचे गट आणि गरजू मुलांशी वैयक्तिक बोलणे, असे साधेच उपक्रम होते.

समुपदेशक असलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारले. नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी काम केलेल्या शाळांमध्ये मात्र तसा परिणाम दिसला नाही. यावरून शिक्षक निरुपयोगी ठरत नाहीत. एक शक्यता अशी की शिकवणे, तपासणे, शिस्त राखणे या कामांवर समुपदेशनाचीही भर पडली की त्याला वेळ उरत नाही. आणि जी व्यक्ती गुण देते, तिच्यापाशी मन मोकळे करणे मुलांनाही अवघड जाते. कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांना समुपदेशक व्हायचे नव्हते. आपल्याच वर्गात वेगळ्या नजरेने वागायचे होते. शिक्षकाची नजर बदलणे आणि मुलांना बोलण्यासाठी वेगळी, विश्वासाची व्यक्ती मिळणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि शाळेला दोन्ही लागतात.

८. या दृष्टिकोनाच्या मर्यादा

पहिली मर्यादा: सर्व वर्तन गरजेतून उलगडत नाही. किशोरवयात थोडी बंडखोरी, वाद घालणे, एकांत हवासा वाटणे हे वाढीचेच भाग आहेत. दार लावून बसलेली प्रत्येक मुलगी अडचणीत नसते.

दुसरी: काही खुणा दिसल्या, तर नोंदी करत थांबायचे नाही. स्वतःला इजा करणे, मरणाविषयी बोलणे, झोप आणि भूक एकदम बदलणे, आवडत्या गोष्टींतून मन पूर्ण उडणे किंवा लैंगिक अत्याचाराची शंका, अशा वेळी तज्ज्ञांची मदत लगेच घ्यावी. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.

तिसरी: काही गरजा एका शिक्षकाच्या किंवा पालकाच्या हातात नसतात. घरातली उपासमार, जातीवरून होणारी हेटाळणी, सकाळी कामाला जाऊन मग शाळेत येणे, यांवर नुसते समजूतदार बोलणे पुरत नाही. तिथे शाळेने, समाजाने आणि शासनाने काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. मुलाच्या वर्तनातून तो आपल्यापर्यंत पोहोचला, एवढेच.

९. सारांश

आव्हानात्मक वर्तनामागे अनेकदा झोप-भूक, सुरक्षितता, स्वायत्तता, सक्षमता, आपलेपणा किंवा ओळख यांपैकी एखादी अपूर्ण गरज असते. एका वर्तनामागे वेगवेगळ्या गरजा असू शकतात, म्हणून पूर्वघटना, वर्तन आणि परिणाम यांची नोंद करून अंदाज बांधावा आणि तपासावा. प्रतिसादात मर्यादा, दखल आणि पर्याय हे तिन्ही भाग असावेत. नववीतल्या त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'उद्धट' असे लिहायला अर्धा मिनिट लागतो. 'वाचताना घाबरतो' हे कळायला एक आठवडा लागला. पण पुढे काय करायचे, हे फक्त दुसऱ्या वाक्यातून कळते.

१०. स्वाध्याय

१. गरज आणि मागणी यांतील फरक स्वतःच्या अनुभवातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. 'वर्ग बुडवणे' या वर्तनामागे असू शकणाऱ्या तीन वेगवेगळ्या गरजा लिहा. प्रत्येकीसाठी वेगळा पर्याय सुचवा.
३. शिक्षा केल्यावर वर्तन काही वेळा का वाढते? प्रस्तावनेतील प्रसंगाच्या आधारे उत्तर द्या.
४. तुम्ही १४-१५ वर्षांचे असताना घरच्यांना न पटलेले तुमचे एखादे वागणे आठवा. त्याची तीन रकान्यांत नोंद करा. तेव्हा तुम्हाला कशाची गरज होती आणि कुणी काय विचारले असते तर ती सांगता आली असती, हे दहा ओळींत लिहा.